पाचोळ्यातील भुंगेऱ्यांचे जातिवर्णन

जंगलात जमिनीवर साचलेल्या कुजत्या पानांच्या थरात राहणाऱ्या अतिसूक्ष्म भुंगेऱ्यांची अद्याप नाव न मिळालेली जाती ओळखणे, तिची लक्षणे लिहिणे, तिला शास्त्रीय नाव देणे आणि ते नाव एका नमुन्याशी कायमचे जोडणे, या एकत्रित कामाला जातिवर्णन म्हणतात. वृत्तपत्रांत यालाच ‘नव्या प्रजातीचा शोध’ म्हणण्याची रीत आहे. ‘प्रजाती’ हा शब्द मराठीत कधी स्पीशीजसाठी तर कधी जीनससाठी वापरला जातो. म्हणून या नोंदीत पहिल्यासाठी ‘जाती’ आणि दुसऱ्यासाठी ‘वंश’ हेच शब्द ठेवले आहेत. ‘शोध’ हा शब्दही अपुराच आहे. किडा हाती लागल्यापासून त्याचे वर्णन छापून येईपर्यंत अनेकदा वर्षे, क्वचित दशके जातात आणि तोपर्यंत शास्त्राच्या दृष्टीने त्या जातीला नाव नसते.

पाचोळ्यातील भुंगेऱ्यांत स्टॅफिलिनिडी कुलाचा वाटा मोठा आहे. या कुलात साठ हजारांहून अधिक जातींची नोंद झाली असून बहुतेकांचे ढालपंख, म्हणजे पुढचे कडक पंख, आखूड असतात, त्यामुळे पोट उघडे दिसते. त्यातील सेलाफिनी हे उपकुल बहुधा एक ते तीन मिलिमीटर लांबीच्या, ठेंगण्या, तांबूस भुंगेऱ्यांचे आहे. त्यांच्या अंगावर ठरावीक जागी खळगे असतात आणि वर्गीकरणात या खळग्यांना मोठे महत्त्व आहे. सेलाफिनींना पूर्वी स्वतंत्र कुल मानत. न्यूटन आणि थेयर यांनी १९९५ मध्ये त्यांचा समावेश स्टॅफिलिनिडीत केला. मुंगीसारखी मान असलेल्या सिडमेनिनींबाबत ग्रेबेनिकोव्ह आणि न्यूटन यांनी २००९ मध्ये तेच केले. काही जुन्या अभ्यासकांना हे रुचले नाही, पण अळ्यांच्या रचनेचा आणि जनुकीय पुरावा विलीनीकरणाच्या बाजूने आहे. टिलिइडी कुलातील पिसासारख्या पंखांचे भुंगेरे याहून लहान, बहुधा एक मिलिमीटरच्या आतले असतात. आजवर मोजलेला सर्वांत लहान भुंगेरा, सुमारे ०.३२५ मिलिमीटर लांबीचा, याच कुलातला आहे.

नाशिक जिल्ह्याचे उदाहरण घेतल्यास, तेथे अशा भुंगेऱ्यांना योग्य अधिवास मुख्यतः पश्चिमेच्या इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत मिळतो. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या नाशिक शहरात सातशेच्या आसपास. पाचोळ्याची जाडी आणि ओल याच उतारावर बदलत जाते. ब्रह्मगिरी, अंजनेरी यांसारख्या डोंगरांच्या घळींत आंबा, जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या छायेत पाचोळा दिवाळीनंतरही आतून ओला राहतो. उघड्या सागाच्या रानात तो मार्गशीर्षातच करकरीत वाळतो. वणव्यांची झळ वेगळीच. शिवाय या पट्ट्यात भात-नागलीच्या रोपांसाठी ‘राब’ भाजतात, म्हणजे फांद्या, पाला आणि शेण वाफ्यावर पसरून पावसाआधी जाळतात. शेतीची ही जुनी, विचारपूर्वक रुळलेली पद्धत आहे, पण राबासाठी दरवर्षी जिथून पाला उचलला जातो तिथे थर साचत नाही. याउलट, पडलेले पानही उचलायचे नाही हा दंडक जिथे अजून पाळला जातो त्या देवराया आकाराने लहान असल्या तरी पाचोळ्याच्या अभ्यासाला फार मोलाच्या आहेत. पंख आखडलेल्या आणि उडू न शकणाऱ्या जातींचा विस्तार एखाद्या डोंगरापुरताही असू शकतो, हे लक्षात घेता एका देवराईतला थर गेला तर काय जाईल याची कल्पना यावी.

नमुने गोळा करताना पाचोळा मूठमूठ उचलून जाड जाळीच्या चाळणीतून कापडी पिशवीत चाळतात. खाली जमलेला बारीक चुरा पांढऱ्या ताटलीत पसरला तर आधी काहीच दिसत नाही. दोन-तीन मिनिटांनी मातीचा एक तांबूस कण चालू लागतो, थांबतो, शृंगिका हलवतो, तेव्हा तो भुंगेरा असल्याचे कळते. असे डोळ्यांनी वेचणे फार वेळखाऊ असल्याने चुऱ्यातून कीटक आपोआप बाहेर काढणारी साधने वापरतात. या साधनांच्या नावांत बराच घोळ आहे. विजेचा दिवा लावलेल्या नरसाळ्याला सर्रास ‘बर्लीज नरसाळे’ म्हणतात. पण इटलीच्या अंतोनिओ बर्लीज यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या साधनात दिवा नव्हता. नरसाळ्याभोवती गरम पाण्याचे आवरण होते. दिव्याची उष्णता वरून देण्याची सुधारणा स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन यांची, साधारण १९१७-१८ च्या सुमाराची. म्हणून प्रयोगशाळांत आज जे दिसते ते खरे तर टुलग्रेनचे नरसाळे आहे. ‘बर्लीज-टुलग्रेन’ हे जोडनाव त्यातल्या त्यात न्याय्य म्हणावे.

दुसरे साधन ‘विंकलर पिशवी’. तिचे श्रेय व्हिएन्नातील आल्बर्ट विंकलर यांना नावापुरतेच जाते, कारण ते कीटकांचे आणि कीटकसंग्रहाच्या साहित्याचे व्यापारी होते. मूळ कल्पना १९०७ च्या सुमारास एमिल मोचार्स्की यांनी काढली असे मानले जाते आणि कार्ल होल्डहाउस यांच्या १९१० च्या लेखनामुळे ती प्रसिद्ध झाली. बेसुशे, बुर्कहार्ट आणि लोब्ल यांनी १९८७ च्या लेखात ‘विंकलर-मोचार्स्की’ हे जोडनाव वापरले आणि पाचोळ्यातील भुंगेऱ्यांसाठी हे साधन किती परिणामकारक आहे हे दाखवले. येथेही तेच नाव ग्राह्य वाटते. या साधनात चुरा जाळीच्या थैल्यांत भरून बंद कापडी घेरात टांगतात. तो सावलीत हळूहळू वाळतो. अस्वस्थ झालेले कीटक थैलीबाहेर येऊन तळाच्या अल्कोहोलच्या भांड्यात पडतात. दोन-तीन दिवस लागतात, पण वीज लागत नाही. पावसाळ्यात जिथे दिवे दिवसेंदिवस जातात त्या घाटमाथ्याच्या गावांत हा गुण निर्णायक ठरतो. दिव्याखाली चुरा फार लवकर तापला तर मऊ अंगाचे आणि मंद चालीचे जीव खाली पोहोचण्याआधीच मरतात, हेही विंकलर-मोचार्स्कीच्या बाजूचे.

पुढचे काम सूक्ष्मदर्शकाखालचे. नमुना त्रिकोणी कागदाच्या टोकावर डिंकाने चिकटवतात. नराचे मैथुनेंद्रिय सुईने वेगळे करून सौम्य पोटॅशियम हायड्रॉक्साइडात ठेवले की भोवतालचे मांस विरघळते, आणि ते पारदर्शक माध्यमात बसवून त्याचे चित्र काढतात. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन जाती बहुधा येथेच वेगळ्या पडतात. केवळ मादी हाती असेल तर बरेच अभ्यासक नाव देण्याचे टाळतात, आणि ते योग्यच आहे. हे इंद्रिय जातीगणिक इतके का बदलते याविषयी मतभेद आहेत. लेऑं द्युफूर यांनी १८४४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली होती: दुसऱ्या जातीशी संकर होऊ नये म्हणून ही रचना. विल्यम एबरहार्ड यांनी १९८५ मध्ये मादीच्या निवडीवर आधारलेले स्पष्टीकरण मांडले. उपलब्ध निरीक्षणे पाहता एबरहार्ड यांच्या मताकडे झुकणे अधिक सयुक्तिक दिसते. डीएनएचाही आधार अलीकडे घेतला जातो.

नाव ग्राह्य ठरण्याचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेत आहेत. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. १९९९ नंतर वर्णिलेल्या जातीसाठी नामधारक नमुना, म्हणजे ज्याच्याशी नाव कायमचे जोडले जाते तो नमुना, स्पष्टपणे निश्चित करणे बंधनकारक आहे. तो एकच असेल तर त्याला ‘होलोटाइप’ म्हणतात, आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला किंवा ठेवला जाणार हेही लिहावे लागते. वर्णनात इतर जातींपासूनचा फरक सांगावा लागतो. केवळ ऑनलाइन प्रसिद्धी २०१२ पासून मान्य झाली, पण झूबँक या नोंदवहीत नोंद केल्याच्या अटीवर.

नाव रोमन लिपीत असावे लागते आणि ते बहुधा लॅटिन घडणीचे असते. स्थळावरून नाव देताना ‘-एन्सिस’ हा प्रत्यय लावतात. वंशनाम नपुंसकलिंगी असेल तर त्याचे ‘-एन्से’ होते. नाशिकच्या बाबतीत ‘नासिकेन्सिस’ की ‘नाशिकेन्सिस’ हा प्रश्न उभा राहतो. ‘स’ हा इंग्रजी अमदानीचा अवशेष आहे असे समजले जाते, ते खरे नाही. पांडवलेण्यांतील एकोणिसाव्या लेण्यात, सातवाहन राजा कण्ह याच्या काळच्या (बहुधा इ.स.पू. पहिले शतक, काहींच्या मते त्याआधीचे) शिलालेखात नासिकच्या महामात्राने (उच्च अधिकाऱ्याने) लेणे कोरविल्याचा उल्लेख आहे, म्हणजे ‘स’ असलेले रूप किमान दोन हजार वर्षांचे आहे. शूर्पणखेच्या नासिकेवरून की नऊ शिखरांवरून, हा व्युत्पत्तीचा वाद येथे गौण आहे. मात्र ‘नासिकस’ असे रूप टाळावे, कारण लॅटिनमध्ये ते नाकाशी जोडले जाईल आणि वाचक किड्याची सोंड शोधत बसेल.

जुन्या नमुन्यांचे स्थळ ठरवणे अवघड जाते. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. तोवरच्याच नव्हे, त्यानंतरच्याही पुष्कळ चिठ्ठ्यांवर नुसते ‘बॉम्बे’ असे. ते शहर की सारा इलाखा, हे संग्राहकाच्या प्रवासावरून ताडावे लागते. माल्कम कॅमेरॉन यांचे स्टॅफिलिनिडीवरील ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीचे खंड (१९३०-३९) अजूनही आधारभूत आहेत, पण सेलाफिनींना तेव्हा वेगळे कुल मानत असल्याने ते त्यांत नाहीत. बेसुशे, लोब्ल आणि मुसार यांनी १९७२ च्या अखेरीस दक्षिण भारतात पाचोळा चाळून मोठा संग्रह जिनिव्हाला नेला. त्यामुळे केरळ-तमिळनाडूचे घाट पुढील वर्णनांत वारंवार येतात.

जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्याने आढळलेल्या जातीची माहिती नियुक्त भांडाराला, म्हणजे नमुने जपणाऱ्या संस्थेला, कळवून नमुने तेथे जमा करावे लागतात. प्राण्यांसाठी ही जबाबदारी १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे आहे. त्याचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. गोळा करण्याआधी वनखात्याची परवानगी लागते. होलोटाइपच्या टाचणीवर प्रघातानुसार लाल चिठ्ठी लावतात. तिच्याखाली बोटाच्या नखाएवढ्या पांढऱ्या कागदावर गाव, डोंगर, उंची, अक्षांश-रेखांश, तारीख आणि ‘पाचोळा चाळून’ एवढे शब्द असतात.