जुनी लक्झरी कन्व्हर्टिबल घरी बनवायला आणताय? आधी आरटीओचे कागद, मग पाना

दिल्ली, मुंबई, पुण्याकडून जुनी छत उघडणारी गाडी आणायची आणि घरामागच्या शेडमध्ये हळूहळू बनवायची, ही आवड आता आपल्या विदर्भातल्या पोरांमध्येही आली आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. कोणी मर्सिडीज एसएलके पाहून राहिला, कोणी बीएमडब्ल्यू झेड-फोर, कोणी ऑडी टीटी. व्हिडिओ पाहून छताचा पंप, गिअरचं तेल, लेदर, पॉलिश सगळं शिकता येतं, पण कागदाचं कोणी नीट सांगत नाही. मग गाडी चकाचक होते आणि आरसी म्हणजे नोंदणीचा कागद तिसऱ्याच माणसाच्या नावावर, मुदत संपलेली, वर बँकेचा बोजा. अशा गाडीत घातलेला पैसा अडकलाच समजा. म्हणून हा क्रम सांगतो.

इसार द्यायच्या आधी घरबसल्या काय पाहायचं ते आधी. सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये किंवा ‘वाहन’ नावाच्या सरकारी साइटवर गाडी नंबर टाका. पहिल्या नोंदणीची तारीख, आरसी कधीपर्यंत चालू आहे, इन्शुरन्स, पीयूसी (धूर तपासणीचा दाखला), बँकेचा बोजा आहे का, गाडी ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, सगळं दिसतं. ई-चलानच्या साइटवर थकलेले दंड पाहून घ्या, दिल्ली-मुंबईत फिरलेल्या गाडीवर ते असतातच आणि ते भरल्याशिवाय पुढचं काम अडतं. गाडी चोरीची नाही ना, हे एनसीआरबीच्या (देशाच्या गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवर तपासता येतं, तिथून वाहनाची एनओसी (ना हरकत दाखला) निघते, ती काढून ठेवाच.

गाडी स्वस्त काहून असते हेही समजून घ्या. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून तिथल्या मोठ्या गाड्या बाहेरच्या राज्यांत कमी भावात निघतात. भाव कमी दिसतो, पण इकडं आणल्यावरचा कर आणि फी त्यात धरलेली नसते. तिथल्या गाडीच्या आरसीची मुदत संपली असेल तर बाहेर राज्यासाठी एनओसी मिळणार का, हे तिथल्या आरटीओत विचारून लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आता गाडी नावावर करायचा अर्ज कोण करू शकतो. ज्याचा पत्ता इथला आहे तो, गाडी कुठूनही घेतलेली असो. वणी-पुसदवाल्याला यवतमाळ म्हणजे एमएच-२९, दर्यापूर-वरुडवाल्याला अमरावती एमएच-२७, मग अकोला ३०, वाशीम ३७, बुलडाणा २८, वर्धा ३२, चंद्रपूर ३४, गडचिरोली ३३, गोंदिया ३५, भंडारा ३६, आणि नागपूर ग्रामीणला ४०. आधार इथलं आणि पुण्यात नोकरी असताना काढलेल्या बाकी कागदांवर पत्ता पुण्याचा, असं असेल तर आधी एकच पत्ता करून घ्या. आधारला मोबाईल लिंक पाह्यजे, काहून की अर्ज परिवहनच्या साइटवर ऑनलाइन होतो आणि ओटीपी येतो. विकणाऱ्याच्याही मोबाईलवर ओटीपी जातो, म्हणून पैसे देऊन झाले की त्याचा फोन बंद, अशी वेळ येऊ देऊ नका, तो समोर बसलेला असतानाच अर्ज भरून टाका.

गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर काम सोपं आहे. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्यानं दिलेली सूचना, दोन प्रतीत, आणि फॉर्म ३० म्हणजे नाव बदलायचा अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या. सोबत मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, दोघांचे ओळखपत्र, तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड नाहीतर फॉर्म ६०, पासपोर्ट फोटो आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. नंबर तोच राहतो, मुंबईची एमएच-०२ ची गाडी दारव्ह्यात एमएच-०२ म्हणूनच फिरते. बोजा असेल तर फॉर्म ३५ बँकेच्या सही-शिक्क्याचा आणि बँकेची एनओसी, कर्ज फिटलं असं तोंडी सांगून चालत नाही. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर आधी फॉर्म ३१ नं गाडी करून मगच तुम्हाला विकता येते. सरकारी लिलावात घेतली असेल तर फॉर्म ३२ लागतो.

दुसऱ्या राज्यातली असेल तर आधी तिथं फॉर्म २८ वर एनओसी, मग इथं फॉर्म २७ नवीन नंबरसाठी आणि २९-३० नाव बदलासाठी. इथं बरेच जण घोळ करतात. कायद्यात दुसऱ्या राज्याच्या नंबरवर गाडी बारा महिने ठेवता येते असं आहे, ते ऐकून लोक म्हणतात वर्षभर निवांत, आधी गाडी बनवू. पण ते बारा महिने फक्त नंबरचे आहेत. मालकी बदलल्याचं घेणाऱ्यानं तीस दिवसांत कळवायचं असतं, विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि राज्याबाहेर विकली तर पंचेचाळीस दिवसांत. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याला एवढंच सांगा की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईत कायद्यानं तोच मालक धरला जातो, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. यानं भलेभले सही करायला येतात.

बाहेरच्या गाडीला इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो, मूळ किंमत आणि गाडीचं वय पाहून तो काढतात. मूळ किंमत पन्नास-साठ लाखाची असेल तर आज तुम्ही आठ लाखाला घेतली याला काही अर्थ नसतो, हिशेब जुन्या किमतीवरून सुरू होतो. म्हणून आरसीचा फोटो आणि मूळ बिल घेऊन आपल्या आरटीओत टॅक्सचा आकडा आधी काढून घ्या. आधीच्या राज्यात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, त्यासाठी इथली नवीन आरसी आल्यावर तिकडं अर्ज करायचा असतो. बहुतेक लोक तो करतच नाहीत आणि पैसे सोडून देतात.

पैशाचं आणखी एक. कापूस, संत्रा विकून रोख घरात असते हे खरं आहे, पण दोन लाख किंवा त्याच्या वर रोख एका व्यवहारात घेता येत नाही आणि तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो. बँकेतूनच द्या, तुम्हालाही पुरावा राहतो. इम्पोर्टेड गाडी असेल तर कस्टमचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्रीची कॉपी मागा. ड्युटी चुकवून आणलेल्या गाड्या पुढं जप्त होतात आणि तेव्हा तुम्ही तिसरे मालक आहात याचा काही फायदा होत नाही.

आता सगळ्यात मोठा खर्च, जो कोणी सांगत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. अर्ज मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. साध्या कारला १ एप्रिल २०२२ पासून ही फी ५,००० रुपये आहे, पण इम्पोर्टेड कारला ४०,०००. आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला १०,०००, इम्पोर्टेड असेल तर ८०,०००. आपल्याकडं आलेल्या कन्व्हर्टिबल जवळजवळ सगळ्या बाहेरून तयार आलेल्या, त्यामुळं आरसीवर इम्पोर्टेड नोंद आहे का हे पाहिल्याशिवाय हिशेब मांडूच नका. २००५ ची एसएलके स्वस्तात मिळाली म्हणून खूश झालेल्या माणसाला ८०,००० ची पावती पाहून घाम फुटतो. उशीर झाला तर कारला दर महिन्याला ५०० जास्तीचे, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही बसवून घ्या, ती नसेल तर आरटीओची बाकी कामं अडतात.

कोणी सांगतं व्हिंटेजमध्ये टाकून दे. नाही जमत. व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं असलेली गाडी, २०२१ च्या नियमांत तेच लिहिलं आहे. त्याची नोंदणी २०,००० ची, दहा वर्षांची, आणि ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

नूतनीकरणाला गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर न्यावी लागते. ब्रेक, लाइट, हॉर्न, वायपर, टायर, सीट बेल्ट, धूर हे पाहिलं जातं. म्हणून घरी काम करताना आधी हे करा, रंग आणि लेदर मागाहून. मुदत संपलेली गाडी रस्त्यानं चालवत नेऊ नका, कॅरियरवर टाकून न्या, रस्त्यात पकडलं किंवा काही झालं तर इन्शुरन्सही हात वर करतो.

चेसिस प्रिंटबद्दल जरा सविस्तर सांगतो, काहून की घरी बनवणारे इथंच फसतात. चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो, त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतातच, त्यामुळं आरसीवर ओ दिसला तर तो शून्य आहे, टायपिंगची चूक आहे, ती आधी दुरुस्त करून घ्या. काचेच्या कोपऱ्यातून दिसणारा नंबर वेगळ्या पट्टीवर असतो, प्रिंट मात्र लोखंडात ठोकलेल्या नंबरचा घ्यायचा, काही मर्सिडीजमध्ये तो पुढच्या सीटखाली कार्पेटचा कापलेला तुकडा उचलला की दिसतो. जागा रॉकेल नाहीतर डिझेलच्या फडक्यानं पुसा, कोरडी करा, पातळ कागद सेलोटेपनं ताणून चिकटवा आणि मऊ शिसाची पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा, कागद काळा होतो आणि अंक पांढरे उठतात. चार-पाच प्रिंट एकदमच काढून ठेवा. तिथं गंज असेल तर तेल लावून मऊ ब्रशनं काढा, पण ग्राइंडर, सँडपेपर, पुट्टी त्या हातभर जागेत अजिबात नको. अंक घासला गेला तर निरीक्षकाला चोरीच्या गाडीचा संशय येणं साहजिक आहे, आणि परवानगीशिवाय नंबर परत ठोकणं हा तर गुन्हाच. रंगाला सोडायच्या आधी त्या जागेवर मास्किंग टेप मारून पेंटरला दाखवून ठेवा.

दुरुस्ती आणि बदल यात फरक आहे. जे होतं तेच पुन्हा बसवलं तर परवानगी लागत नाही. छताचा हायड्रॉलिक पंप, सिलिंडरचे सील, त्याच प्रकारचं कापडी छत, दारांचे रबर, ब्रेक, सस्पेन्शन, सीटचं लेदर, सगळं खुशाल करा. आपल्याकडच्या उन्हात रबर तडकतात आणि काळ्या मातीची धूळ, कडुनिंबाचा पाला छताच्या निचऱ्याच्या नळ्यांत जाऊन बसतो. पहिल्या पिढीच्या झेड-फोरमध्ये छताची मोटर त्याच निचऱ्याच्या खळग्यात आहे, नळी तुंबली की मोटर पाण्यात बुडते, म्हणून मृगाच्या आधी नळ्या मोकळ्या करा. शेडमध्ये धान्य असेल तर उंदीर वायरिंग खातात, तेही पहा. जुनं इंजिन तेल नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका, डब्यात जमा करून रिसायकलवाल्याला द्या. अँड्रॉइड स्टिरिओ, कॅमेरा, स्पीकर यानं आरसीवरची कोणतीच नोंद बदलत नाही, फक्त फ्यूज घालून बसवा.

पण कंपनीनं दिलेल्या रचनेपेक्षा वेगळं काही केलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. दंड प्रत्येक बदलामागं ५,००० पर्यंत, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. साध्या सेडानचं छत कापून कन्व्हर्टिबल करायचा विचार डोक्यातून काढा. त्याला परवानगी मिळत नाही आणि छत गेलं की बॉडीची ताकद जाते, कारखान्यात बनलेल्या कन्व्हर्टिबलला खालून जास्तीचं लोखंड दिलेलं असतं. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, मडगार्डबाहेर येणारे टायर हेही नको. रंग बदलायचा असेल तर आधी अर्ज, मग रंग, मग गाडी दाखवून आरसीवर नोंद. सैन्याचा ऑलिव्ह ग्रीन खाजगी गाडीला मारता येत नाही, जीपवाल्यांना तो फार आवडतो म्हणून मुद्दाम सांगतो. इंजिन त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं बसवलं असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवा, ज्या गाडीचं इंजिन आहे तिचे कागद आणि बिल सोबत ठेवा.

इन्शुरन्स तुमच्या नावावर चौदा दिवसांत करून घ्या. थर्ड पार्टी म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचं कव्हर आपोआप येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर अर्ज केल्याशिवाय येत नाही आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) विकणाऱ्याचाच राहतो. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि तुम्ही ठरवून लिहिता, म्हणून कामाची बिलं आणि आधी-नंतरचे फोटो जपून ठेवा, छताचा पंप आणि कापड धरून चांगली किंमत लिहून मागा.

एजंट करायचा असेल तर करा, पण कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका आणि सरकारी फीची पावती तुमच्या मोबाईलवर आलीच पाह्यजे. डिलिव्हरी घेताना तारीख आणि वेळ लिहिलेला कागद दोघांच्या सहीनं करा. आरसी पोस्टानं घरी आली की नाव, चेसिस, इंजिन नंबर, रंग, इंधन आणि मुदतीची तारीख त्याच दिवशी पेन्सिल प्रिंटशी जुळवा, अंक चुकला असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज टाका आणि अर्जाचा नंबर लिहून ठेवा.