बेळगाव सीमाभाग : ऐतिहासिक कागदपत्रांचे डिजिटल जतन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील जुनी दप्तरे, वृत्तपत्रांच्या फायली, नियतकालिके आणि खासगी पत्रव्यवहार स्कॅन करून संगणकावर शोधता येतील असे ठेवण्याचे काम.

बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. जुनी कागदपत्रे मात्र जिथल्या तिथेच राहिली. म्हणून इथल्या एखाद्या गावाचा इतिहास लिहायचा तर आजही मुंबई, पुणे, कोल्हापूर, बंगळूर अशी पायपीट करावी लागते. आता बेळगाव शहरातच मोडणारे शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते; रस्ता ओलांडला की दप्तर बदलायचे. ही विखुरलेली कागदपत्रे एका पडद्यावर शेजारी शेजारी आणणे, हेच सीमाभागात या कामाचे खरे मोल आहे.

सर्वांत जास्त धोका आहे तो घराघरांतल्या मोडी रुमालांना, म्हणजे मोडी लिपीतले कागद बांधून ठेवलेल्या कापडी गाठोड्यांना. माळ्यावरचा रुमाल सोडला की लांबट घड्यांचे कागद निघतात. बोरूची शाई अजून काळीभोर असते, पण घडीच्या रेषेवर कागद तुटलेला आणि कडा कसरीने खाल्लेल्या. खानापूरकडच्या पावसात दमट कागद एकमेकांना चिकटतात. ते ओढायचे नाहीत. सावलीत वाळवून हलक्या हाताने सोडवायचे. मोडीला 2014 मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिपींच्या जागतिक प्रमाणात, स्थान मिळाले, तरी वाचनासाठी मोडीचा जाणकार लागतोच.

छापील ठेवाही मोठा आहे. बेळगावात 1916 साली लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, 1924 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि 1946 च्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. बेळगावचे ‘तरुण भारत’ हे वृत्तपत्र 1919 पासूनचे. अशा काळाच्या स्थानिक अंकांत बाजारभाव आणि नाटकांच्या जाहिरातीही सापडतात, आणि त्या बातम्यांइतक्याच जपायला हव्यात. बांधलेल्या फायलीत शिवणीजवळची अक्षरे दबतात, म्हणून वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर बरा. हक्कांचेही पाहावे लागते: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो.

नोंदणीत कसूर झाली तर स्कॅन असून नसल्यासारखे. एकच शहर कागदांत बेळगाव, बेळगांव, बेलगाम असे येते आणि 2014 पासून सरकारी दप्तरी ते बेळगावी झाले. चारही रूपे शोधात जोडलेली हवीत. शके 1846 म्हणजे 1924-25, हे रूपांतरही नोंदीतच द्यावे. नोंद मराठी आणि कन्नड दोन्हींत असावी, कारण इथे एकाच घराच्या कागदांत दोन्ही भाषा भेटतात.

स्कॅन झाल्यावर कागद मूळ क्रमानेच रुमालात बांधून घरी परत द्यावेत. कुठला कागद कशाशेजारी ठेवला होता, त्यावरूनच पुष्कळदा तारीख नसलेल्या पत्राचा काळ ठरतो.