समलिंगी धर्मगुरू : अँग्लिकन चर्चमधील स्वीकृती

अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चपासून निघालेल्या परंपरेच्या चर्चमध्ये समलिंगी स्त्री-पुरुषांना डीकन, प्रीस्ट आणि बिशप या चढत्या क्रमाच्या तीन धर्मपदांची दीक्षा उघडपणे देण्याचा प्रश्न. यात ‘उघडपणे’ हा शब्द कळीचा आहे. समलिंगी धर्मगुरू चर्चमध्ये पूर्वीही होते आणि बऱ्याचदा वरिष्ठांना ते ठाऊकही असे. झाकली मूठ होती. ती उघडली तेव्हा समलिंगी संबंध पाप की नाही, हा एक प्रश्न निघालाच. पण त्याहून अवघड ठरला तो दुसरा : हे ठरवायचे कोणी?

अँग्लिकन सहभागिता हा चाळीसहून अधिक स्वायत्त चर्चचा संघ आहे. त्याला पोप नाही. इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख असलेले कँटरबरीचे आर्चबिशप हे समानांतले पहिले. दुसऱ्या देशातल्या चर्चला त्यांना हुकूम सोडता येत नाही. साधारणपणे दर दहा वर्षांनी जगभरचे बिशप लँबेथ परिषदेला जमतात, पण तिचे ठरावही कोणावर कायद्याने बंधनकारक नसतात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही या संघाचे सदस्य आहे. मुंबई, पुणे, नाशिक हे त्याचेच धर्मप्रांत. अमेरिकेतल्या एखाद्या लहानशा धर्मप्रांताने कोणाला बिशप निवडावे याच्याशी नागपूरचा संबंध लागतो तो या नात्याने.

या संघाचे अमेरिकेतील सदस्य असलेल्या एपिस्कोपल चर्चने 1976 मध्ये ठराव केला, की समलिंगी व्यक्ती देवाची लेकरे असून चर्चच्या प्रेमावर त्यांचा इतरांइतकाच हक्क आहे. पुढच्याच जानेवारीत न्यूयॉर्कचे बिशप पॉल मूर यांनी एलेन बॅरेट या समलिंगी स्त्रीला प्रीस्टपदाची दीक्षा दिली. इतक्या लवकर हे होईल अशी अपेक्षा नसावी, कारण याच चर्चच्या 1979 च्या अधिवेशनाने असे दीक्षाविधी उचित नाहीत, असे सांगून हात आखडता घेतला. ही केवळ शिफारस होती की नियम, याचा निकाल लागायला 1996 साल उजाडले. नेवार्कचे सहायक बिशप वॉल्टर रायटर यांनी 1990 मध्ये पुरुष जोडीदारासह राहणाऱ्या बॅरी स्टॉपफेल यांना डीकन केले होते. त्याबद्दल रायटर यांच्यावर चक्क पाखंडाचा आरोप ठेवण्यात आला. धर्मन्यायालयाने 7 विरुद्ध 1 मताने खटला काढून टाकला. मात्र या न्यायालयाने समलिंगी संबंधांना योग्य ठरवले नव्हते. अशी दीक्षा रोखणारे मूलभूत धर्मतत्त्व चर्चपाशी नाही, एवढेच म्हटले होते.

दोनच वर्षांनी, 1998 च्या लँबेथ परिषदेने नेमकी उलटी भूमिका घेतली. समलिंगी संबंध बायबलशी विसंगत आहेत आणि अशा संबंधांत असलेल्यांना दीक्षा देण्याचा सल्ला देता येत नाही, हा ठराव 1.10 तेथे 526 विरुद्ध 70 मतांनी संमत झाला. समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घेण्याचे वचनही त्याच ठरावात होते. पुढच्या भांडणात त्याची आठवण फारशी कोणाला राहिली नाही.

जून 2003 मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर धर्मप्रांताने जीन रॉबिन्सन यांना बिशप म्हणून निवडले. ते तिथल्याच कामात मुरलेले, घटस्फोटित, दोन मुलींचे वडील, आणि पुरुष जोडीदारासह राहत असल्याचे त्यांनी कोणापासून लपवलेले नव्हते. ऑगस्टमध्ये मिनियापोलिसच्या अधिवेशनात निवडीला मान्यता मिळाली. 2 नोव्हेंबरला न्यू हॅम्पशायरमधल्याच डरहॅम येथील विद्यापीठाच्या आइस हॉकीच्या बंदिस्त मैदानात अभिषेक झाला. ठार मारण्याच्या धमक्या आल्या असल्याने रॉबिन्सन यांनी विधिवस्त्रांखाली गोळीरोधक जाकीट घातले होते. कोणाचा आक्षेप आहे का, असे या विधीत विचारावे लागते. आक्षेप आले, ते ऐकून घेतले आणि विधी पुढे सुरू झाला. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये जेफ्री जॉन यांची रेडिंगच्या बिशपपदासाठी नियुक्ती जाहीर झाली होती. आपण ब्रह्मचर्य पाळतो असे सांगूनही दबावामुळे त्यांना माघार घ्यावी लागली.

रॉबिन्सन यांच्या अभिषेकामुळे नायजेरिया, युगांडा येथील चर्चनी एपिस्कोपल चर्चशी संबंध तोडले. 2008 च्या लँबेथ परिषदेचे बोलावणे रॉबिन्सन यांना दिले गेले नाही. तरी ते कँटरबरीला गेले आणि सभामंडपाबाहेर लोकांना भेटत राहिले. ज्यांना बोलावणे होते त्यांच्यापैकी दोनशेहून अधिक बिशप मात्र आलेच नाहीत. विरोधकांनी त्याआधी जेरुसलेमला स्वतंत्र मेळावा भरवला होता. त्यातून ‘गाफकॉन’ ही संघटना उभी राहिली. 2009 मध्ये उत्तर अमेरिकेत फुटून निघालेल्यांनी वेगळे चर्च स्थापले. एपिस्कोपल चर्चने 2010 मध्ये लॉस एंजेलिसला मेरी ग्लासपूल या समलिंगी स्त्रीला बिशप करून आपण मागे फिरणार नाही, हे दाखवून दिले.

इंग्लंडच्या चर्चने काढलेली वाट वेगळी आणि, खरे सांगायचे तर, विचित्र आहे. 2005 पासून धर्मगुरूंना समलिंगी नागरी भागीदारी करता येते, पण ब्रह्मचर्याच्या अटीवर. कायद्याने समलिंगी विवाह आला, तेव्हा 2014 मध्ये बिशपांनी धर्मगुरूंना तो करण्यास मनाई केली. या नियमाची धार सप्टेंबर 2022 मध्ये दिसली. डेस्मंड टुटू यांची कन्या म्फो टुटू या स्वतः प्रीस्ट. एका स्त्रीशी विवाह केल्यामुळे दक्षिण आफ्रिकेत त्यांना धर्मसेवेचा परवाना सोडावा लागला होता. इंग्लंडमध्ये त्यांच्या मानलेल्या वडिलांचा अंत्यविधी चर्चमध्ये चालवू देण्यासही नकार मिळाला. कुटुंबाने तो शेजारच्या बागेत मांडव घालून केला. डिसेंबर 2023 पासून इंग्लंडच्या चर्चमध्ये समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना म्हणता येतात, पण विवाह लावता येत नाही.

वेल्सच्या चर्चने जुलै 2025 मध्ये चेरी व्हॅन यांना आर्चबिशप निवडले. स्त्री जोडीदारासह उघडपणे राहणारी व्यक्ती एखाद्या अँग्लिकन चर्चच्या प्रमुखपदी येण्याची ही पहिलीच वेळ. ऑक्टोबरमध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी प्रथमच एका स्त्रीचे, सेरा मुलाली यांचे, नाव जाहीर झाले. त्यानंतर काही दिवसांतच गाफकॉनने कँटरबरीचे नेतृत्व झुगारून, खरी जागतिक अँग्लिकन सहभागिता आपणच आहोत, असे घोषित केले.