आमच्याकडं राजकारण कीर्तनातून आलं

इलेक्शन लागलं की आमच्या गावात पहिला नारळ मारुतीच्या पारावर फुटते, पार्टी कोणतीही असो. शहरातले दोस्त म्हणतात धर्म न राजकारण असं मिसळू नये बाप्पा. मुद्दा बरोबर आहे, पण इकडं विदर्भात सत्तेवरचे प्रश्न पुस्तकातून आलेच नाहीत, ते साधू-महाराजांच्या तोंडून आले, मग वेगळं करायचं तरी कुठून?

पार मागं, तेराव्या शतकात जा. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर, महानुभाव पंथाचं गाव. चक्रधर स्वामींनी बायकांना आणि खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींना पंथात घेतलं, धर्म मराठीत सांगितला. पुढं त्याच पंथातले केशोबास संस्कृतात लिहायला निघाले तर चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी अडवलं, म्हणे अशानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, म्हणजे ज्ञानाला मुकतील. ज्ञान कोणाच्या भाषेत राहील हा मला तरी सरळ राजकीय प्रश्न वाटते.

मग गाडगेबाबा, शेंडगावचे. त्यांचं सगळ्यांना माहीत आहे, खराटा अन् कीर्तनात प्रश्नावर प्रश्न, समोरच्यालाच उत्तर द्यायला लावायचे.

तुकडोजी महाराजांचं मात्र थोडं सविस्तर सांगावं लागते. १९०९ साली यावलीत जन्म, हातात खंजिरी, भजनाला गावंच्या गावं लोटायची. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर अन् आष्टीत लोक इंग्रजांविरुद्ध उठले, १६ तारखेला, नागपंचमीचा दिवस, अधिकारी मारले गेले आणि मग फौजेनं चिमुरात जे केलं ते आजही म्हातारी माणसं दबक्या आवाजात सांगतात. त्याआधी महाराजांची भजनं तिथं गाजत होती, सरकारनं त्यांनाच उचलून जेलात टाकलं. म्हणजे इंग्रजालाही कळलं होतं की हे निव्वळ टाळ कुटणं नाही! महाराजांनी नंतर लिहिलेल्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आहेत अन् त्यात मोक्षापेक्षा गाव कसं चालवावं हेच जास्त.

पण याच भक्तीबद्दल धोक्याची घंटा वाजवणारा माणूसही आपलाच. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेब बोलले की धर्मात भक्तीनं मुक्ती मिळत असेल, राजकारणात मात्र विभूतिपूजा अधोगतीकडं अन् हुकूमशाहीकडं नेते. गंमत पाहा, याच माणसानं धर्म ही गोष्टच सोडून नाही दिली. १९३५ मध्ये येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही म्हणाले, एकवीस वर्षं विचार केला अन् १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बुद्ध धम्म घेतला, दोन दिवसांनी चंद्रपुरातही दीक्षा दिली. त्याच्या दोन वर्षं आधी रेडिओवर बोलताना त्यांनी सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून नाही घेतली, बुद्धाकडून घेतली. म्हणजे श्रद्धा चालेल पण नेत्यावर नको, एवढा बारीक फरक त्यांनी केला, अन् तोच आपण घोळवून टाकला असं माझं मत.

डिसेंबर ५६ मध्ये चौदा दिवसांच्या अंतरानं बाबासाहेब अन् गाडगेबाबा दोघंही गेले.

आता संध्याकाळी एका भोंग्यावर तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना लागते, बौद्धपुऱ्यात विहारात वंदना. उमेदवार दोन्हीकडं जाते, इकडं नारळ फोडते, तिकडं मेणबत्ती लावते, अन् फोटो काढून होताच गाडीत बसते.