पावसाळी खुराडे: खेळती हवा आणि अंगावरचा वारा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पाऊस तोंडावर आला की घराच्या शाकारणीबरोबर खुराड्याचीही डागडुजी होते आणि त्या भरात पोती व ताडपत्री लावून ते चारी बाजूंनी बंद केले जाते. कोंबड्यांना वारा लागू नये हा त्यामागचा हेतू रास्त असला, तरी त्यात खुराड्यातली खेळती हवा आणि कोंबडीच्या अंगावर येणारा वारा यांची गल्लत होते.

खेळत्या हवेचे पावसाळ्यातले मुख्य काम ओल बाहेर नेण्याचे आहे. कोंबडीच्या ताज्या विष्ठेत सुमारे ७० ते ७५ टक्के पाणी असते आणि तिच्या श्वासातूनही वाफ सुटत राहते. कोंदट खुराड्यात ही ओल खालच्या तुसात मुरते, तुसाची ढेकळे होतात, विष्ठेतल्या युरिक आम्लावर जिवाणूंची क्रिया होऊन डोळ्यांना झोंबणारा अमोनिया तयार होतो आणि रक्ती हगवणीच्या परजीवींना हवी तशी ओलसर ऊब मिळते. सकाळी दार उघडताच नाकात भपकारा आला, तर खुराडे गरजेपेक्षा जास्त बंद आहे असे समजावे.

गारठ्याला मात्र मोठी कोंबडी आपण समजतो तितकी नाजूक नसते. तिच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि पिसे फुलवून त्यांत हवा कोंडून ती आपली ऊब टिकवते, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळी गारव्याचे कोरड्या अंगाच्या कोंबडीला फारसे काही वाटत नाही. दांडीवर बसल्यावर तिच्या छातीच्या उंचीवर थेट झोत येऊ लागला, की पिसांत कोंडलेली हवा निघून जाते. त्यातून झड आत येऊन पिसे भिजली, तर ऊब धरायला काही उरतच नाही.

म्हणजे प्रश्न मुख्यतः उंचीचा आहे. जमिनीपासून दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या थोडे वरपर्यंत, निदान पश्चिमेची व दक्षिणेची बाजू, कुडाने, चिऱ्याने किंवा फळ्यांनी बंद असावी. त्याच्या वर, वळचणीखाली, दोन्ही लांब बाजूंना वीतभर पट्टा उघडा ठेवून मुंगूस शिरणार नाही अशी बारीक जाळी मारावी. पाखे दोन-तीन फूट बाहेर काढले तर या पट्ट्यातून झड सहसा आत येत नाही. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की पश्चिमेच्या वाऱ्याला अरुंद बाजू सामोरी जाते आणि उन्हाळ्यातले तिरपे ऊनही कमी शिरते. मंगळुरी कौलांच्या सांध्यांतून थोडी हवा जाते. पत्र्याच्या आतल्या बाजूला मात्र वाफेचे थेंब जमून खाली टपकतात, म्हणून पत्र्याखाली हा उघडा पट्टा अधिकच गरजेचा. ताडपत्रीचा पडदा वरून खाली सोडण्याची आपली सवय नेमकी उलटी आहे. तो खाली पक्का बांधून हवा तेवढा वर ओढता आला पाहिजे, म्हणजे कितीही वारा असला तरी वरची फट मोकळी राहते.

खात्री करायची असल्यास रात्री दांडीच्या उंचीवर पेटती उदबत्ती धरून पाहावी. धूर संथपणे वर जाऊन वळचणीतून बाहेर पडत असेल तर रचना योग्य आहे. तो कोंबड्यांच्या अंगावर आडवा पळत असेल तर झोत कोठून येतो ते शोधून तेवढीच फट बुजवावी. याच जिल्ह्यातल्या अथणी-रायबागकडे पाऊस मुळात कमी आणि उन्हाचा तडाखा मोठा असल्याने तिथे एवढ्या बंद भिंतींची गरज नसते.

लहान पिल्लांची गोष्ट निराळी, कारण त्यांना पिसे फुटलेली नसतात आणि पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते. त्यांच्यासाठी दिव्याखाली पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे उभे करावे, मात्र ऊब टिकावी म्हणून त्यावर पोते अंथरू नये.