वसईच्या तहामागचा वेलस्ली : पदवी, कर्ज आणि पार्लमेंटचा कायदा

शाळेच्या इतिहासात लॉर्ड वेलस्लीची ओळख दोन ओळींत आटोपते : त्याने तैनाती फौजेची पद्धत देशभर पसरवली आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाकडून वसईचा तह करून घेतला. हा माणूस मे १७९८ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला उतरला तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि त्याआधीची १७ वर्षे त्याची डब्लिन आणि लंडनच्या राजकारणात गेली होती. वसईच्या तहाची कलमे नीट समजायची असतील तर ही १७ वर्षे आधी पाहावी लागतात. आपल्याकडे त्याच्या लढाया आणि तह यांवर भरपूर लिहिले गेले. तो कोणत्या घडणीचा राजकारणी होता याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

रिचर्ड वेलस्लीचा जन्म २० जून १७६० चा, आयर्लंडमधल्या मीथ परगण्यातला. घराणे मूळचे कॉली. आजोबांना १७२८ मध्ये वेस्ली नावाच्या नातलगाची डँगनची जमीनदारी मिळाली, म्हणून त्यांनी आडनावही वेस्ली घेतले. त्याचे ‘वेलस्ली’ हे रूप नंतरच्या पिढीने रूढ केले. १७४६ मध्ये आजोबा बॅरन झाले, १७६० मध्ये वडील अर्ल ऑफ मॉर्निंग्टन झाले. हे वडील उत्तम संगीतकार होते, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे संगीताचे पहिले प्राध्यापक. पण हिशेबात कच्चे. १७८१ मध्ये ते वारले तेव्हा ऑक्सफर्डला शिकणाऱ्या रिचर्डच्या वाट्याला अर्लची पदवी, मोठे कर्ज, विधवा आई आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी असे सगळे एकदम आले. लॅटिन काव्यासाठी विद्यापीठाचे पारितोषिक मिळवलेला हा मुलगा पदवी परीक्षा न देताच घरी परतला. पुढे त्याने डँगनची वडिलोपार्जित जमीन विकली. तिसरा भाऊ आर्थर, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याला सैन्यात चिकटवण्यासाठी शब्द टाकणारा हाच, आणि त्याच्या बढतीचे पैसे पुरवणाराही हाच. त्या काळी ब्रिटिश पायदळात अधिकाऱ्याची जागा रोख पैसे भरून विकत घेतली जात असे.

आता त्या पदवीची गोम. आयर्लंडचा उमराव आणि ग्रेट ब्रिटनचा उमराव हे दोन वेगळे दर्जे होते. आयरिश अर्लला डब्लिनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा मिळे, लंडनच्या नाही. नावापुढे ‘लॉर्ड’ लागत असूनही लंडनला त्याची गणना दुय्यमच. या उणिवेला एक सोयीची बाजू होती. ब्रिटिश उमरावाला हाऊस ऑफ कॉमन्सची निवडणूक लढवता येत नसे, आयरिश उमरावाला ती मुभा होती. मॉर्निंग्टनने, म्हणजे आता अर्ल झालेल्या रिचर्डने, तिचा पुरेपूर उपयोग केला : १७८४ मध्ये डेव्हनमधले बियर आल्स्टन, १७८६ मध्ये कॉर्नवॉलमधले सॉल्टॅश, १७८७ पासून विंडसर आणि १७९६ मध्ये ओल्ड सॅरम.

यातले ओल्ड सॅरम जवळून पाहण्यासारखे आहे. सॉल्सबरीजवळ एक ओसाड टेकडी. कधीकाळी तिथे किल्ला आणि मोठे चर्च होते. अठराव्या शतकात राहते घर एकही उरले नव्हते. तरीही ही टेकडी पार्लमेंटवर दोन सभासद पाठवत होती. मताचा हक्क तिथे जमिनीच्या ठरावीक तुकड्यांना जोडलेला होता आणि ते सगळे तुकडे एकाच धन्याच्या मालकीचे. निवडणूक लागली की धनी आपल्या विश्वासातल्या पाचसात जणांच्या नावे तुकडे तात्पुरते लिहून देई. ते शेतातल्या एका झाडाखाली जमत, मत देत, आणि काम झाले की कागद परत करत. अशा जागांना ‘रॉटन बरो’ म्हणत. जिथे धनी जागा विकत असे तिथे एका मुदतीसाठी काही हजार पौंड पडत. सरकारच्या मर्जीतला उमेदवार असेल तर ओळखीवर भागे. ओल्ड सॅरमचा धनी लॉर्ड कॅमलफर्ड हा पंतप्रधान धाकट्या पिटच्या नात्यातला, आणि मॉर्निंग्टन पिटचा जवळचा मित्र. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ओल्ड सॅरम, बियर आल्स्टन आणि सॉल्टॅश या तिन्ही जागा रद्द केल्या, पण तोवर तिथून निवडून आलेल्यांनी अर्ध्या जगाचे निर्णय घेऊन झाले होते.

सांगायचा मुद्दा असा की मॉर्निंग्टनला आयुष्यात मतदार कधी खऱ्या अर्थाने भेटलाच नाही. मते जमिनीला चिकटलेली, जमीन धन्याची, धनी मंत्र्याचा. खाली काय वाटते यापेक्षा वर कोणाची मर्जी आहे हे महत्त्वाचे, हा त्याचा पहिला राजकीय धडा. पुढे भारतातल्या दरबारांशी वागताना त्याने नेमके हेच केले : राज्याच्या मुळाशी न जाता गादीवरच्या माणसाशी करार करायचा आणि त्याच्या मर्जीच्या किल्ल्या आपल्याकडे ठेवायच्या.

पैशाची ओढाताण चालूच होती. पॅरिसची अभिनेत्री ह्यासिंथ रोलाँ हिच्याशी त्याचे जुने संबंध होते. पाच मुले झाल्यावर, नोव्हेंबर १७९४ मध्ये, त्यांनी लग्न केले. लग्नाआधीची मुले इंग्लिश कायद्याने औरस ठरत नसत, आई-बापांनी नंतर लग्न केले तरीही. कर्जबाजारी आयरिश उमरावाला वर जाण्याचा एकच पक्का मार्ग होता : मोठ्या पगाराचे आणि मोठ्या कीर्तीचे पद. गव्हर्नर जनरलचा पगार वर्षाला २५,००० पौंड. १७९७ मध्ये नेमणूक झाली, तीबरोबर ‘बॅरन वेलस्ली’ ही ग्रेट ब्रिटनची उमरावकीही मिळाली आणि त्याच क्षणी ओल्ड सॅरमची जागा सुटली, कारण आता कॉमन्समध्ये बसता येईना. ह्यासिंथने भारतात यायला नकार दिला.

भारतासाठी तो कोरा नव्हता. १७९३ पासून तो बोर्ड ऑफ कंट्रोलचा सभासद होता. पिटच्या १७८४ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करायला हे सरकारी मंडळ बसवले होते. त्याच कायद्यात भारतातले विजय आणि राज्यविस्तार ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध आहेत असे स्पष्ट नोंदवले होते, आणि १७९३ च्या सनदी कायद्यात ते कलम पुन्हा आले. लंडनच्या परवानगीशिवाय गव्हर्नर जनरलला युद्ध पुकारता येणार नव्हते. अपवाद दोनच : शत्रूने कंपनीवर हल्ला किंवा हल्ल्याची तयारी केली असेल तर, किंवा ज्याच्या रक्षणाची हमी कंपनीने तहाने घेतली आहे अशा राज्यावर तसे संकट आले तर.

हा दुसरा अपवाद पुन्हा वाचावा. विस्तार बंद, पण दोस्ताचे रक्षण चालेल. मग जितके दोस्त जास्त, तितकी युद्धाची कायदेशीर कारणे जास्त. तैनाती फौज वेलस्लीने शोधलेली नाही. अवधच्या नवाबाकडे कंपनीची फौज आधीपासून होती. त्याने तिला ठरीव साचा दिला. कंपनीची फौज त्या राज्यात कायमची राहणार, खर्च राजाचा, दरबारी इंग्रज रेसिडेंट, फ्रेंच किंवा अन्य शत्रुराष्ट्राचा माणूस नोकरीत ठेवायचा नाही, शेजाऱ्याशी तंटा झाला तर निवाडा इंग्रजांचा. सप्टेंबर १७९८ मध्ये निजामाशी असा तह झाला आणि पुढच्याच महिन्यात हैदराबादच्या फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पलटणी एकही लढाई न होता निःशस्त्र झाल्या. टिपू बधला नाही. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले.

या यंत्राचे दुखणे पैशात होते. राजाचा महसूल हंगामावर येतो, फौजेचा पगार दर महिन्याला लागतो. दोन हप्ते थकले की फौज कुरकुरते, तिसरा थकला की रेसिडेंट तगादा लावतो, आणि तडजोड म्हणून मुलूखच तोडून द्यावा लागतो. १८०० मध्ये निजामाने म्हैसूरकडून मिळालेले जिल्हे असेच कायमचे लिहून दिले, १८०१ मध्ये अवधच्या नवाबाने जवळपास अर्धे राज्य दिले. तिथे वाटाघाटीला वेलस्लीचा सख्खा भाऊ हेन्री होता, आणि कंपनीचे डायरेक्टर त्या नेमणुकीवरून भडकले होते.

श्रीरंगपट्टणच्या विजयाचे बक्षीस म्हणून डिसेंबर १७९९ मध्ये वेलस्लीला मार्क्विस केले, पण आयर्लंडचा मार्क्विस. लंडनच्या लॉर्ड्समध्ये तो बॅरनच राहिला. ही बातमी कलकत्त्याला पोचली तेव्हा तो संतापाने आजारी पडला आणि त्या पदवीला त्याने ‘दुहेरी सोनेरी मुलाम्याचा बटाटा’ म्हटले; बटाटा म्हणजे आयर्लंड. लुटीतला १ लाख पौंडांचा वाटा त्याने नाकारला होता, कंपनीने ५,००० पौंडांचे वर्षासन बांधून दिले. पैशाची सोय झाली, मानाची भूक तशीच राहिली. पुढच्या पाच वर्षांतली त्याची घाई या भुकेतून समजते, असे मला वाटते. निव्वळ साम्राज्याचे धोरण म्हणून पाहिले तर ती इतकी का होती ते उलगडत नाही.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला आणि अखेर जहाजाने वसईला पोचला. तिथे कर्नल बॅरी क्लोजने त्याच्याशी तह केला : किमान ६,००० शिस्तबद्ध पायदळ आणि तोफखाना पेशव्याच्या मुलखात राहणार, त्यासाठी वार्षिक २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला, सुरतेवरचे हक्क सोडायचे, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत इंग्रजांचा निवाडा मानायचा. हप्ते थकण्याची कटकट इथे पहिल्या दिवसापासूनच टाळलेली दिसते. रोख रक्कम मागितलीच नाही, थेट जमीन घेतली. आणि पेशवा आता ‘तहाने हमी दिलेला’ दोस्त झाला. मराठेशाहीचा प्रमुखच दोस्त झाल्यावर शिंदे आणि भोसल्यांची प्रत्येक हालचाल कायद्याच्या त्या अपवादात बसवता येत होती.

अंतराने उरलेले काम केले. कलकत्त्याहून लंडनला पत्र जायला पाच-सहा महिने, उत्तर यायला तितकेच. प्रश्न विचारेपर्यंत त्याचे उत्तर मैदानात देऊन झालेले असे. जून १८०३ मध्ये वेलस्लीने दख्खनमध्ये युद्ध की तह हे ठरवण्याचे सगळे अधिकार भाऊ आर्थरला दिले, म्हणजे कलकत्त्याच्या उत्तराचीही वाट पाहायला नको. ऑगस्टमध्ये अहमदनगर पडले, २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला आडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा तह झाला. वसईच्या तहाने मराठ्यांच्या न संपणाऱ्या भानगडीत कंपनी अडकेल, ही बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष कॅसलरे याची हरकत १८०४ ची आहे. तोवर सगळे उरकले होते.

फक्त होळकर आवरेनात. १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनची पलटण त्यांच्यापुढे वाताहत होत मागे आली, १८०५ च्या सुरुवातीला भरतपूरवर चार हल्ले फसले. कंपनीचे कर्ज वेलस्लीच्या काळात जवळपास दुप्पट झाले होते. शिवाय डायरेक्टरांशी त्याचे आधीच वाजले होते : बंगालमधल्या खासगी जहाजांना माल नेऊ देण्यावरून, कलकत्त्यात विनापरवाना बांधलेल्या भव्य गव्हर्नमेंट हाऊसवरून, आणि फोर्ट विल्यम कॉलेजवरून. हे कॉलेज १८०० मध्ये निघाले. स्थापनेची तारीख मुद्दाम ४ मे, म्हणजे श्रीरंगपट्टणच्या विजयाचा दिवस, धरली. डायरेक्टरांनी ते बंद करायला सांगितले. शेवटी भाषा शिकवण्यापुरते ते टिकले. मराठी वाचकांना त्याची आठवण वेगळ्या कारणाने हवी. विल्यम कॅरे तिथे मराठी शिकवत असे, आणि वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीतला मराठी-इंग्रजी कोश छापला. वसईच्या तहानंतर मराठी मुलखात साहेब पाठवायचे होते, त्यांना भाषा यायला हवी होती.

जुलै १८०५ मध्ये म्हातारा कॉर्नवॉलिस त्याच्या जागी आला आणि ऑक्टोबरात गाझीपूरला वारला. वेलस्ली १८०६ च्या जानेवारीत घरी पोचला तो आरोपपत्राला तोंड द्यायला. अवधच्या प्रकरणावरून जेम्स पॉल या सभासदाने कॉमन्समध्ये त्याच्यावर आरोप ठेवले. १८०८ मध्ये ते फेटाळले गेले. पुढे तो स्पेनला राजदूत झाला आणि डिसेंबर १८०९ ते १८१२ परराष्ट्रमंत्री होता. मे १८१२ मध्ये पंतप्रधान पर्सिव्हलचा खून झाल्यावर मंत्रिमंडळ बनवायला त्याला सांगितले गेले. पण सहकारी त्याच्या हाताखाली यायला तयार होईनात. कलकत्त्याला हुकूम सोडायची सवय लागलेला माणूस लंडनच्या बैठकीत बसवून घेणे कोणाला जमेना.

भाऊ आर्थर तोवर पुढे निघून गेला. १८१७ मध्ये रिचर्डचे लंडनचे ॲप्सली हाऊस आर्थरने ४२,००० पौंडांना विकत घेतले, तेही थोरल्याची कर्जे फिटावीत म्हणून. रिचर्ड १८२१ ते १८२८ आणि पुन्हा १८३३-३४ मध्ये आयर्लंडचा व्हाइसरॉय होता. कॅथलिकांना राजकीय हक्क मिळावेत हे त्याचे जुने मत; १८२२ मध्ये डब्लिनच्या नाट्यगृहात कट्टर प्रॉटेस्टंटांनी त्याच्या दिशेने बाटली फेकली. १८२५ मध्ये त्याने बाल्टिमोरच्या मेरिअन पॅटरसनशी लग्न केले, तीही कॅथलिक.

ज्या डायरेक्टरांनी त्याला परत बोलावले होते त्यांच्याच कंपनीने १८३७ मध्ये २०,००० पौंड मंजूर केले. २६ सप्टेंबर १८४२ रोजी तो लंडनमध्ये वारला. दफन ईटनच्या चॅपलमध्ये झाले. अर्ल ऑफ मॉर्निंग्टन ही बापाकडून आलेली पदवी भाऊ विल्यमकडे गेली. बॅरन वेलस्ली आणि मार्क्विस वेलस्ली या स्वतः कमावलेल्या दोन्ही पदव्यांना औरस वारस नव्हता, त्या त्याच दिवशी संपल्या.