‘शस्त्रक्रियेची चाचणी घेताच येत नाही’ हा गैरसमज

‘औषधाची तुलना खोट्या गोळीशी करता येते, पण खोटं ऑपरेशन कसं करणार? म्हणून सर्जनचा अनुभव हाच पुरावा.’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं, आणि ते खरं नाही.

१९५९ सालीच अमेरिकेत ते करून पाहिलं गेलं. हृदयशूळावर छातीतली एक धमनी बांधण्याची शस्त्रक्रिया तेव्हा जोरात होती. १७ रुग्णांपैकी काहींची धमनी बांधली, इतरांच्या त्वचेवर फक्त छेद दिला. आराम दोन्ही गटांना सारखाच! ती शस्त्रक्रिया लवकरच मागे पडली. २००२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी दुर्बिणीतून होणाऱ्या सफाईची अशीच परीक्षा १८० रुग्णांवर झाली. दोन वर्षांनंतरही सफाई झालेल्यांचं दुखणं इतरांपेक्षा कमी नव्हतं.

म्हणजे सर्जन खोटं बोलत होते का? मुळीच नाही. रुग्णांना बरं वाटत होतं, ते डॉक्टरांना दिसतही होतं. पण अपेक्षेमुळे, विश्रांतीमुळे किंवा दुखणं आपसूक ओसरल्यामुळे बरं वाटलं, की शस्त्रक्रियेमुळे, हे तुलनेशिवाय कळत नाही.

अडचणी खऱ्या आहेत. प्रत्येक सर्जनचा हात वेगळा असतो आणि नवं तंत्र अंगवळणी पडायला वेळ लागतो. फुटलेली रक्तवाहिनी शिवण्यासाठी तर चाचणीची गरजच नाही, परिणाम डोळ्यांसमोर असतो. मात्र हळूहळू वाढणाऱ्या, कमी-जास्त होणाऱ्या दुखण्यांसाठी शस्त्रक्रिया सुचवली, तर ‘हिची तुलना कशाशी झाली आहे?’ असं रुग्णाने जरूर विचारावं.